कानवाल्यासमोरची खुर्ची

मूलला, चंद्रपूरकडच्या आमच्या गावी, आता मी वर्षातून एखाद्या वेळीच जाते. परवा गेले ती एका लग्नासाठी. मांडवातला गोंगाट सोसेना, म्हणून जुन्या गल्लीत एक चक्कर मारली. शफीभाईंच्या घरावर आता मजला चढलाय. टेलरिंगचं दुकान जाऊन तिथं मोबाइलचं दुकान आलंय. बाजूच्या बोळात मात्र त्यांचा अँटेनाचा बांबू अजून उभा आहे. वरच्या नळ्या केव्हाच गेल्या. कुणीतरी त्यावर दोडक्याचा वेल चढवलाय, आणि त्याला पिवळी फुलं लागलीत. मी त्या बांबूखाली थांबले. मधे आयुष्य निघून गेलं, नोकरी झाली, मुलं मोठी झाली; तरी दोडक्याच्या एका वेलाखाली मला पुन्हा बुधवारची भीती वाटली.

बुधवार हा आमच्याकडे त्या वर्षी भीतीचाच वार होता.

गल्लीत टीव्ही एकच, शफीभाईंचा. काळा-पांढरा, लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. दुकानात शिलाई मशीनींच्या मधे तो ठेवलेला असे. त्यांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, पडद्यावर निळसर प्लास्टिकचा कागद लावला होता, त्यामुळे टीव्हीतली माणसं नेहमी थोडी पाण्यात बुडालेली दिसायची. चंद्रपूरहून येणारं चित्र मूलला पोचेपर्यंत दमून जायचं. पडद्यावर मुंग्या यायच्या. मग भाभी बोळात जाऊन बांबू फिरवायच्या आणि आतून आम्ही सगळे ओरडायचो, "गिरणीकडे! थोडा अजून गिरणीकडे! बस, बस, आता हलवू नका!"

कार्यक्रम संध्याकाळी लागे. शफीभाई कोळशाची इस्त्री खिडकीत ठेवत. तापलेल्या कापडाचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि बाहेरून राइस मिलच्या कोंड्याचा गोडसर धूर. धानाचा हंगाम होता, गावभर नव्या तांदळाची धूळ उडत असायची. या तीन वासांत मला अजूनही कुणीतरी प्रश्न विचारल्यासारखं वाटतं.

प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम साधाच होता. दोन खुर्च्या, दोन घंट्या, आणि अंबाड्यात फूल माळून प्रश्न विचारणाऱ्या एक बाई. जो जिंकेल तो पुढच्या आठवड्याला तसाच बसून राही, हरलेल्याच्या खुर्चीत नवा माणूस येई. त्या हिवाळ्यात उजव्या हाताच्या खुर्चीतला माणूस उठायचं नावच घेत नव्हता. त्याचं नाव पडद्यावर लिहून येई, पण आमच्या गल्लीत ते कधी कुणी उच्चारलं नाही. उत्तर द्यायच्या आधी तो कानाची पाळी चिमटीत धरायचा. म्हणून तो कानवाला. भाभींसाठी कानवाले साहेब, आमच्या बाबांसाठी नुसता कानवाला.

त्याच्यासमोर प्रोफेसर आले, बँकेतले साहेब आले, फौजेतून निवृत्त झालेले एक मिशाळ गृहस्थ आले. एक कॉलेजची मुलगी तर हरल्यावर पडद्यावरच रडली. कानवाला कुणाच्याही हरण्यावर हसला नाही. दर वेळी उभा राहून समोरच्याला नमस्कार करायचा आणि परत बसायचा. त्याच्या त्या नमस्काराची आम्हाला सवय झाली, मग मजा वाटू लागली. किती आठवडे झाले, हे मोजणंही आम्ही सोडून दिलं.

"हा माणूस झोपते केव्हा?" बाबा म्हणायचे.

बाबा एस.टी.च्या लाल गाडीवर कंडक्टर होते. मूल ते गडचिरोली ही त्यांची लाइन. बुधवारी शक्यतो लवकरची ड्युटी मागून घेत आणि खाकी कपड्यांतच दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. आई मागे, बायकांत. आणि ताई दाराजवळ, कापलेल्या कापडांच्या गाठोड्यावर, वेणीचं टोक दातांत धरून.

माझ्या ताईचं नाव सुजाता. त्या वर्षी ती बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होती. प्रश्न संपायच्या आत तिचे ओठ हलत. हे सगळ्यात आधी शफीभाईंच्या लक्षात आलं. एका बुधवारी ते बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, ये लडकी तो कानवाले के पहले बोलून राह्यली. इसको भेजो ना वहां!"

बाबा हसले. ताईही हसली. पण तिनं पोस्टकार्ड टाकलं. मग नागपूरला एक चाचणी झाली, आणि फाल्गुनाच्या तोंडावर मुंबईहून बोलावणं आलं.

त्या दिवसापासून सगळं बदललं. आतापर्यंत कानवाल्यासमोरची खुर्ची कुणा परक्याची होती, आता ती आमची झाली. त्याचं जिंकणं पाहताना आता कुणी टाळ्या वाजवेना. तो हरावा, ताईची पाळी यायच्या आधी कुणीतरी त्याला त्या खुर्चीतून उठवावं, एवढीच गल्लीची इच्छा उरली. घरी आई बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायची, तेव्हा मी डोळे मिटून हेच मागायची. बुद्धाजवळ कुणाचं वाईट मागायचं नसतं, हे कळत होतं. म्हणून मी मनातल्या मनात जोडायची, त्याला दुसरं काहीतरी चांगलं मिळू दे, नोकरीत बढती मिळू दे, पण आता त्याला हरू दे. आणि बुधवारी तो कानाची पाळी धरायचा, अचूक उत्तर द्यायचा, आणि खुर्चीत तसाच बसून राहायचा.

भीतीला अजून एक कारण होतं. ताईला नागपूरला जाऊन वकिली शिकायची होती. इकडे ब्रह्मपुरीच्या आत्यानं एक स्थळ आणलं होतं, मुलगा शेतकी खात्यात. आत्या घाई करत होती. बाबांनी मधला रस्ता काढला. जेवताना, हसत हसतच म्हणाले, "टीव्हीचं होऊन जाऊ दे. जितली तं नागपूर. नाई तं आपण आत्याचं आयकू."

हसत म्हणाले, पण म्हणाले. ताईनं ताटातला भात कालवला आणि पुष्कळ वेळ तसाच कालवत राहिली.

शफीभाईंनी तिच्यासाठी ब्लाउज शिवला. साडी आकाशी रंगाची घ्यायची की लिंबू रंगाची, यावर भाभींचं आणि आईचं जोरात वाजलं. टीव्हीत रंग दिसणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. शेवटी आकाशी ठरली. छोट्या लाइनच्या रेल्वेनं बाबांनी तिला नागपूरला नेलं आणि मुंबईच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवून दिलं. तिकडे मामा उतरवून घेणार होता. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून काय म्हणाली, हे बाबा पुढे पुष्कळ दिवस सांगत. "म्हणाली, बाबा, तुमी घरी जा आता, फलाटावर उभे राहू नका."

तिकडे एकाच दिवशी पुष्कळ आठवड्यांचे कार्यक्रम चित्रित करून ठेवतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. ताई परत आली तेव्हा कळलं. टीव्हीवर तिची पाळी यायला अजून कितीतरी बुधवार बाकी होते, पण तिच्यापुरतं सगळं होऊन गेलं होतं. मामाला विचारून काही कळणार नव्हतं. त्याची ड्युटी होती, तो तिला फाटकाशी सोडून परत फिरला होता.

बसस्टँडवर अर्धी गल्ली जमली होती. ताई उतरली. चेहऱ्यावर प्रवासाची काजळी, केस विस्कटलेले. भाभींनी तिला जवळ घेतलं. "बोल बेटा, क्या हुआ?"

"सांगाचं नाई म्हणून सांगतलंय त्यायनं," ताई म्हणाली. "टीव्हीवर येतपर्यंत कोणालेच नाई."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग बाबांनीच मांडीवर थाप मारली. "म्हणजे जितली! अरे, हरली असती तं लपवाचं काय काम? हरलेल्याचं कोण लपवते?"

आणि ते सगळ्यांना पटलं. माझ्यासकट. आईनं तेवढी ताईची पिशवी हातात घेतली आणि घराकडे चालू लागली.

इथून पुढचे दिवस आठवले की मला पळस आठवतात. सावली गावाच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, पानं नसलेल्या झाडांवर नुसता जाळ. आणि मोहाच्या फुलांचा वास. पहाटे मोह गळायचा, बायामाणसं टोपल्या घेऊन रानात जायची, सकाळी सगळ्या गावाला तो ओलसर, थोडा आंबलेला गोडवा चढायचा. माझी सहामाही झाली होती, वार्षिक तोंडावर होती, आणि मी पुस्तक उघडून ताईचा चेहरा वाचत बसायची. आज ती गुणगुणली, म्हणजे जिंकली असणार. आज तिनं अर्धीच भाकर खाल्ली, म्हणजे हरली असणार. आज तिनं केसांना तेल लावलं. आज नाही लावलं. त्या चेहऱ्यावरून मला काहीच लागत नव्हतं, आणि मी थांबतही नव्हते.

एकदा बोअरिंगवर पाणी भरताना मी तिला धरलंच. "ताई, मले एकटीले सांग. मी कोणालेच नाई सांगणार."

तिनं हापसा मारता मारता माझ्याकडे पाहिलं. "तुले सांगतलं तं तुझ्या तोंडावर दिसन."

"मंग काय झालं?"

"भर लवकर. मागं लाइन लागली."

बुधवारी तर विचित्रच व्हायचं. पडद्यावर कानवाला आणि कुणी नवा माणूस लढत असायचे, आणि दुकानातली माणसं टीव्हीकडे कमी, ताईकडे जास्त पाहायची. तिला तर हेही माहीत होतं, की आज कोण जिंकणार. ती गाठोड्यावर तशीच बसायची, पण वेणी आता दातांत नसायची. ओठ हलत नसत. पडद्यावर हरलेला माणूस उठायचा तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत, आणि ताई स्वतःच्या पायांकडे. हे फक्त मला दिसत होतं. का दिसत होतं, याचा विचार मी करत नव्हते. विचार केला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मला नको होतं.

बाबांना मात्र कसलीच शंका नव्हती. एका रविवारी मी त्यांच्या गाडीनं गडचिरोलीपर्यंत जाऊन आले. गाडीत कोंबड्या होत्या, बांबूची सुपं घेऊन बाजाराला निघालेले लोक होते, गावाकडे निघालेले कचेरीतले बाबू होते. बाबा गळ्यात कातडी बॅग अडकवून, तिकिटांवर चिमटा वाजवत मधल्या वाटेनं येत, आणि प्रत्येक बाकाशी थांबत.

"माझी पोरगी टीव्हीत येऊन राह्यली, भाऊ. या बुधवारी नाई, त्याच्या पुढच्याही नाई, त्याच्या पुढच्या. कानवाल्याच्या त्या कार्यक्रमात."

"जितली का मंग?"

बाबा तिकीट फाडत आणि मान जरा वाकडी करत. "आता ते सांगता येत नाई ना. पण समजून घ्या."

लोक समजून घेत. कुणी त्यांना पानाची पुडी देत, कुणी चिंचा. व्याहाडला एका म्हाताऱ्यानं उतरता उतरता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. इतके दिवस मी बाबांना थकूनच घरी येताना पाहिलं होतं. बॅग खुंटीला अडकवायची आणि भिंतीला टेकून बसायचं. पण त्या दिवसांत ते दारातूनच बोलत येत. आज कोण काय म्हणालं, कुणी मुलीचं नाव विचारलं, कोणत्या साहेबांनी बाजूला बसवून घेतलं.

घरी येऊन मी हे सगळं रंगवून सांगितलं. ताई तांदूळ पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"अवो," आई बाबांना म्हणाली, "येवढं नका सांगू लोकाले."

"काऊन? चोरी केली का तिनं?"

आई चुलीकडे वळली. सूप परत हलायला लागलं, तांदळातला कोंडा उडून ताईच्या केसांवर बसला.

आणि एकदाचा तो बुधवार आला.

शफीभाईंनी मशीनी उचलून अंगणात ठेवल्या, दुकानात सतरंज्या अंथरल्या. इतकी माणसं आली की उशिरा आलेल्यांना रस्त्यावर उभं राहावं लागलं. आत्या ब्रह्मपुरीहून आली होती. बाबा ड्युटीवरून सरळ आलेले, बॅग मांडीवर. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी वारा सुटला. मुंग्या आल्या. भाभी उठायला लागल्या तसे शफीभाई म्हणाले, "तुम बैठो. आज तुम देखो. बांबू मैं धरतो." आणि ते बोळात जाऊन बांबू मिठीत घेऊन उभे राहिले. त्यांना पडदा दिसत नव्हता. ते आतल्या आवाजावरच होते.

संगीत वाजलं. कानवाला दिसला. आणि त्याच्यासमोर, निळसर पाण्यात बुडालेली, माझी ताई. दुकानात जो आवाज झाला त्यात प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी तिचं नाव घेतलेलं ऐकूच आलं नाही. मी वळून खऱ्या ताईकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, भिंतीला टेकून.

ती छान खेळत होती. पहिलं उत्तर कानवाल्याचं, दुसरं तिचं, तिसरं तिचं. बाबांचे गुडघे हलत होते. "क्या हुआ?" बाहेरून शफीभाई ओरडले. "आपली पुढं हाये!" आतून सगळे ओरडले.

मग तो नदीचा प्रश्न आला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावर त्या नदीला काय म्हणतात? ताईची घंटी इतक्या लवकर वाजली की बाईंना प्रश्न पुरता करायला मिळाला नाही.

"हो, सुजाता?"

"मले येते हे!" पडद्यावरची ताई म्हणाली.

तिथं बसलेले प्रेक्षक हसले. खूप नाही, पण हसले. प्रश्न विचारणाऱ्या बाईही हसल्या, गोड, लहान मुलाकडे पाहून हसावं तशा. "प्राणहिता," ताई म्हणाली. उत्तर बरोबर होतं. आमच्या दुकानात टाळ्यांचा पाऊस पडला, कुणीतरी शिटी मारली. पण मी पडद्याकडेच पाहत होते. ताईनं पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला होता, एकदा, आणि परत एकदा. त्यानंतरची तिची उत्तरं एकेका शब्दाची झाली. घंटी थोडी उशिरा वाजायला लागली. कानवाला हळूहळू बरोबरीला आला.

शेवटचा प्रश्न. माणसाच्या शरीरातला सगळ्यात मोठा अवयव कोणता?

घंटी ताईची वाजली.

आणि ती काही बोलेना. तिचं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. पडद्यावर एक मुंगी नव्हती, चित्र कधी नव्हतं इतकं स्वच्छ होतं. "बोल ना वो!" आत्या ओरडली. बाबा उभे राहिले होते. बाई म्हणाल्या, वेळ संपत आली. मग वेळ संपलीच. कानवाल्यानं कानाची पाळी धरली आणि म्हणाला, "त्वचा."

तो उठला. त्यानं नमस्कार केला. ताईनंही केला.

दुकानात कुणी हललं नाही. बाहेरून शफीभाईंचा आवाज आला, "क्या हुआ?" मग पुन्हा, "अरे, क्या हुआ? कोई बोलो तो! दिसून राह्यलं का नाई?"

तेव्हा ताई भिंतीपासून निघाली. माणसं बाजूला सरकली. ती पायऱ्या उतरून बोळात गेली, आणि आम्हा सगळ्यांना आत ऐकू आलं.

"हरली मी, चाचा. सोडा आता बांबू. हात दुखत असतीन तुमचे."

पुढे पावसाळ्याच्या तोंडावर कानवालाही हरला. चष्मा लावलेल्या एका कोवळ्या मुलानं त्याला हरवलं. भाभींनी डोळ्यांना पदर लावला आणि टीव्हीची दारं सरकवून टाकली. वाईट सगळ्यांनाच वाटलं. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी बॅग खुंटीला अडकवली नाही. हातातच धरून उभे राहिले.

"तुले उत्तर येत नव्हतं का?"

"येत होतं," ताई म्हणाली. "कातडी. तोंडात कातडीच आलं होतं. पण पुन्हा हासतीन म्हणून चांगला शब्द पाहत राह्यली. सापडला तवा टाइम झाला होता."

"मंग मले सांगतलं काऊन नाई? मी तं पुऱ्या लाइनीवर सांगून बसलो. उद्या कोणत्या तोंडानं जाऊ मी गाडीवर?"

ताई खाली पाहत होती. "रोज वाटे का आज सांगू. पण तुमी दारातूनच सुरू होत होते, बाबा. आज कोण काय म्हटलं, कोणं बाजूले बसवलं. तुमाले असं हासत घरी येताना मी कवा पाह्यलंच नव्हतं. मले ते मोडवलं नाई."

बाबांनी आता बॅग खुंटीला अडकवली. मी आईकडे पाहिलं. ती चुलीजवळ होती, भात उतरवत होती. सगळ्या दुकानात ती एकटीच दचकली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. ताईनं तिला कधी सांगितलं, की सांगितलंच नाही आणि तिला आपोआप कळलं, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

जेवताना आत्या म्हणाली, "चला, झालं ते झालं. मंग रविवारी आणू का पाव्हण्यायले?" बाबांनी भाताकडे पाहिलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ताई अर्धं ताट तसंच ठेवून उठली, आणि तिच्या मागे मीही.

सकाळी पहिल्या गाडीची ड्युटी होती. बाबा बुटांच्या नाड्या बांधत होते तेव्हा ताई आतून तयार होऊन आली. अंगावर तीच आकाशी साडी.

"कुठी?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या गाडीत. गडचिरोलीवरी. लोकं तुमालेच विचारतीन. त्यापेक्षा मीच सांगतो."

"काई गरज नाई."

पण ती चप्पल घालून निघालीच होती. मीही तिच्यामागे धावले. कुणी मला परत जा म्हणालं नाही.

गाडीत नेहमीचीच माणसं होती. त्यांनी आम्हाला पाहिलं, आणि एकेकानं नजर खिडकीबाहेर नेली. बाबा तिकिटं फाडत होते, पण कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हते. "कुठचं?" आणि चिमट्याचा आवाज. "कुठचं?" आणि चिमट्याचा आवाज.  सावली आली, माणसं चढली, मोहाच्या टोपल्या चढल्या, गाडीभर तो आंबूस वास पसरला, तरी कुणी बोलेना. 

सावली सोडल्यावर ताई उठून उभी राहिली. बाकाची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"मी सुजाता," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "काल टीव्हीत हरली ते मीच. ज्याले काई विचाराचं असन त्यानं मले विचारा. माझ्या बाबाले नका विचारू."

गाडी खड्ड्यांतून गेली. टोपल्या हलल्या. पुढच्या बाकावरची, मोहाची टोपली मांडीत घेऊन बसलेली एक म्हातारी मागे वळली आणि तिनं ताईकडे निरखून पाहिलं.

"बाई, तो कानवाला जवळून कसा दिसते वो?"

ताईनं श्वास घेतला. "बुटका हाये, माय. खुर्चीवर बसला का त्याचे पाय जमिनीले टेकत नाई."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. मग साऱ्या गाडीतून प्रश्न यायला लागले. तिथं दिवे किती होते, खायला काय दिलं, प्रश्नाच्या बाई खऱ्याच गोऱ्या का? तो कानवाला तुझ्यासंग बोलला का?

"बोलला. चहा पेताना म्हणाला, नदीचं उत्तर त्याले येत नव्हतं."

"येत नव्हतं?" एक बाबू जागेवरून अर्धा उठला. "प्राणहिता येत नव्हतं त्याले?"

"नाई येत."

"मंग कायचा कानवाला!" गाडी हसली. ताईही हसली, कितीतरी आठवड्यांनी मी तिचे दात पाहिले. शाळेच्या एका पोरीनं हळूच विचारलं, "ताई, तुमाले भेव लागलं होतं का?"

"लय," ताई म्हणाली. "आताही लागून राह्यलं."

व्याहाड जवळ आलं. दारापाशी उतरायला उभा असलेला एक म्हातारा, काठी बगलेत धरून, ताईला म्हणाला, "बरं बाई, आता पुढं काय करशीन?"

ताई बोलायला गेली आणि थांबली. काल पडद्यावर थांबली होती, अगदी तशीच. तोंड उघडलं, मिटलं. साऱ्या गाडीनं तिच्याकडे पाहिलं. मी दांडी घट्ट धरली. उत्तर तिच्याजवळ नव्हतं, हे मला माहीत होतं.

मागच्या दाराजवळून बाबांचा आवाज आला. थांबा आला की गाव पुकारायचा त्यांचा तो आवाज, इंजिनच्या वरून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"जूनमधे नागपूरले जाते पोरगी! वकिली शिकाले!" आणि तेवढ्याच मोठ्यानं, श्वास न घेता, "व्याहाड! चला, व्याहाडवाले उतरा!"

त्यांनी घंटीची दोरी ओढली.